खगोलशिक्षण, प्राथमिक

प्राथमिक खगोलशिक्षण : पृथ्वीचा आकार, दिवस व रात्र होण्याची कारणे आणि दिवसाच्या व रात्रीच्या आकाशातील नित्याच्या घडामोडी यांसंबंधी साधारणतः सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांना दिले जाणारे शिक्षण. शालेय अभ्यासक्रमात हा भाग परिसर अभ्यास, भूगोल व सामान्य विज्ञान या विषयांत विभागून येतो. वरवर पाहता तो सोपा वाटतो. कारण ‘पृथ्वी गोल आहे’, ‘ती स्वतःभोवती फिरते’ ही विधाने मूल पहिल्या दोन-तीन इयत्तांतच पाठ करते व विचारताच बिनचूक म्हणून दाखविते. परंतु विधान पाठ असणे आणि ते पटलेले असणे यांत येथे जितके अंतर पडते, तितके इतर विषयांत क्वचितच पडत असेल. मुलाच्या रोजच्या अनुभवातील जमीन सपाट व स्थिर असते, सूर्य हलताना दिसतो आणि हातातून सुटलेली वस्तू खाली पडते. शिकविलेली विधाने या तिन्ही अनुभवांच्या विरुद्ध असतात. अशा वेळी मूल अनुभव टाकून देत नाही. ते विधान व अनुभव यांची आपल्यापुरती सांगड घालते. ही सांगड कशी घातली जाते हे शिक्षकाला माहीत नसेल, तर बरोबर उत्तराआड चुकीची कल्पना वर्षानुवर्षे लपून राहते.

मुलांच्या कल्पना : स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या विश्वविषयक कल्पनांचे विवेचन केले आहे. सूर्य व चंद्र आपल्या मागोमाग चालतात, त्यांना इच्छा असते, ते कोणीतरी घडविले आहेत, रात्र ही आपल्याला झोप यावी म्हणून होते, अशी उत्तरे त्यांना लहान मुलांकडून मिळाली. पृथ्वीच्या आकाराविषयीचे पद्धतशीर संशोधन मात्र बरेच नंतर सुरू झाले. जोसेफ नसबाउम व जोसेफ नोव्हाक यांनी अमेरिकेतील दुसरीच्या मुलांच्या मुलाखती घेऊन १९७६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पृथ्वीचा आकार कसा आहे एवढेच विचारून न थांबता, गोलाच्या खालच्या बाजूस उभ्या असलेल्या माणसाने हातातील दगड सोडला तर तो कोठे जाईल, असे प्रश्न त्यांनी विचारले. पृथ्वी गोल असल्याचे सांगणाऱ्या अनेक मुलांनी तो दगड पृथ्वीपासून सुटून ‘खाली’ आकाशात पडेल, असे दाखविले. म्हणजे आकार गोल मानला, तरी वर व खाली या दिशा सपाट जमिनीवरच्याच राहिल्या होत्या.

स्टेला वोस्नियाडू व विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिली, तिसरी व पाचवीच्या ६० मुलांचा समावेश होता. मुलांनी काढलेल्या चित्रांवरून व उत्तरांवरून त्यांनी पृथ्वीच्या अनेक मनःप्रतिमा निश्चित केल्या. सरळ सपाट पृथ्वी मानणारी मुले अगदी थोडी निघाली. अधिक लक्षणीय होत्या त्या संमिश्र प्रतिमा. काही मुलांच्या मते पृथ्वी हा पोकळ गोळा असून माणसे त्याच्या आत, तळाशी असलेल्या सपाट जमिनीवर राहतात व वरचा अर्धा भाग म्हणजे आकाश होय. काहींच्या मते पृथ्वी दोन आहेत : एक आपण राहतो ती सपाट, दुसरी आकाशात असलेली गोल, म्हणजे शिक्षक सांगतात ती. आणखी काही मुले गोलाला वरून व खालून चपटा करून त्या चपट्या भागावर वस्ती बसवितात. या प्रतिमा हास्यास्पद नाहीत. दोन परस्परविरोधी गोष्टी एकत्र खऱ्या ठरविण्यासाठी मुलाने केलेली ती बरीच हुशारीची जुळवाजुळव आहे.

भारतीय मुलांचा असा अभ्यास याच संशोधकांनी आला समरपुंगवन यांच्या सहकार्याने हैदराबाद येथे केला व तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पृथ्वी पाण्याच्या आधारावर आहे, असे मानणारी मुले आढळली. पृथ्वीला आधार हवा ही गरज सर्वत्र सारखीच असली, तरी तो आधार कशाचा हे मूल आपल्या घरातील कथांतून उचलते, असे यावरून दिसते. पुढील काळात या संशोधनावर आक्षेपही घेण्यात आले. मुलांच्या मनात अशा सुसंगत प्रतिमा नसतातच, त्यांचे ज्ञान तुटक असते आणि चित्र काढायला लावणे व तोच प्रश्न पुन्हा विचारणे यांमुळे ती गोंधळतात, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. स्वीडनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांसमोर पृथ्वीगोल ठेवून बोलले असता त्यांची उत्तरे पुष्कळच बरोबर आली. वाद अजून पुरता मिटलेला नाही. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र दोन्ही बाजूंतून एकच गोष्ट निष्पन्न होते : ‘गोल’ हा शब्द उच्चारला जाणे हा समजुतीचा पुरावा नव्हे.

ही अडचण वयाबरोबर आपोआप दूर होते, असेही नाही. १९८७ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात घेतलेल्या व पुढे माहितीपटातून प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींत ऋतूंची किंवा चंद्रकलांची कारणे २३ जणांना विचारली होती. त्यांपैकी २१ जणांची उत्तरे चुकीची होती.

जुन्या भारतीय ग्रंथांतील मांडणी : मुलाला अडविणारे तीन प्रश्न (जमीन सपाट का दिसते, पृथ्वी पडत का नाही आणि खालच्या बाजूची माणसे पडत का नाहीत) भारतीय ज्योतिषग्रंथांनी जवळजवळ याच शब्दांत विचारात घेतले आहेत. आर्यभट (जन्म ४७६) यांनी पृथ्वीगोलावर सर्व बाजूंनी असलेल्या प्राणिमात्रांस कदंबाच्या फुलाची उपमा दिली आहे. कदंबाच्या गोल गेंदावर जसे केसर सर्व बाजूंनी उभे असतात, तसे प्राणी पृथ्वीवर आहेत. गेंदावरील प्रत्येक केसराची ‘वर’ ही दिशा बाहेरची असते. मुलांना सांगण्यास याहून सोयीची उपमा अद्याप सापडलेली नाही. पृथ्वी फिरत असता तारे पश्चिमेस जाताना दिसतात, हे आर्यभटांनी पुढे जाणाऱ्या नावेतून मागे सरकताना दिसणाऱ्या काठावरील वस्तूंच्या दृष्टांताने सांगितले.

भास्कराचार्य (जन्म १११४) यांच्या सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथातील गोलाध्याय तर शिक्षकाच्या हाती द्यावा असा आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ भासतो आणि पृथ्वी फार मोठी व माणूस फार लहान असल्याने त्याला दिसणारा तुकडा सपाट वाटतो, असे ते म्हणतात. पृथ्वीला आधार मानला, तर त्या आधाराला दुसरा आधार मानावा लागेल व त्याचा शेवट होणार नाही. अखेरीस कशाला तरी स्वतःची शक्ती मानावयाचीच असेल, तर ती पृथ्वीलाच का मानू नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाचे प्रतिबिंब उलटे दिसते, तशी विरुद्ध बाजूची माणसे आपल्याला वाटतात. परंतु आपण येथे जसे सुखाने उभे आहोत, तशीच ती तेथे उभी आहेत. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचे आर्यभटांचे मत मात्र भास्कराचार्यांनी स्वीकारले नव्हते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला होता. त्यासंबंधीचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे.

या मांडणीचा शालेय शिक्षणात प्रत्यक्ष उपयोग करण्याचा एक प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. माळव्यातील सीहोर येथील इंग्रज राजकीय अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी तेथील पाठशाळेत सिद्धांतग्रंथांच्या आधारे भूगोल व खगोल शिकविण्यास चालना दिली आणि १८३४ मध्ये या पद्धतीचे समर्थन करणारा लेख प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचा विश्वास ज्या ग्रंथांवर आहे, त्यांतूनच पृथ्वीचा गोलाकार त्यांना पटवून द्यावा व मग कोपर्निकसचे मत सांगावे, असे त्यांचे धोरण होते. तेथील पंडित सुबाजी बापू यांनी याच भूमिकेवरून सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा मराठी ग्रंथ (१८३६) लिहिला. पुढे काशीस नावारूपास आलेले महाराष्ट्रीय गणिती बापूदेव शास्त्री हे सीहोरचेच विद्यार्थी होत. हा प्रयोग विल्किन्सन यांच्या मृत्यूनंतर (१८४१) फारसा टिकला नाही. विल्किन्सन यांच्या धोरणात राज्यकर्त्याचा हेतू मिसळलेला होता हे खरे. तथापि शिकणाऱ्याच्या मनात आधीपासून काय आहे हे पाहून पुढचे पाऊल टाकण्याची दृष्टी त्यात होती, ती पुढील काळातील अनेक क्रमिक पुस्तकांत आढळत नाही. महाराष्ट्रात शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांनी ज्योतिर्विलास या पुस्तकातून सामान्य वाचकास प्रत्यक्ष आकाशाकडे वळविले. ते व्यवसायाने शिक्षक होते.

शिक्षणाचा क्रम : प्रचलित अध्यापनाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्यात दोन दृष्टिकोन जोडले जात नाहीत. पृथ्वीगोल हे पृथ्वीचे बाहेरून दिसणारे रूप आहे, तर मुलाला दिसणारे आकाश हे पृथ्वीवर उभे राहून, आतून दिसणारे दृश्य आहे. वर्गात पहिले दाखविले जाते व अंगणात दुसरे दिसते; या दोहोंमधील वाट मुलाने स्वतः शोधावी, अशी अपेक्षा केली जाते. अनुभवी शिक्षक म्हणून आधी आतले दृश्य नीट पाहावयास लावतात, मग बाहेरचे रूप दाखवितात व अखेरीस पुन्हा आतल्या दृश्याकडे येतात.

पहिल्या टप्प्यात साधन एवढेच लागते की, मोकळी सपाट जागा व एक उभी काठी. भारतीय ज्योतिषात अशा काठीस शंकू म्हणतात. परंपरेने तिची उंची १२ अंगुळे असे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला तिच्या सावलीचे टोक खडूने अथवा खड्याने चिन्हांकित केले, म्हणजे सूर्य आकाशात कसा चालला ते जमिनीवर उमटते आणि सूर्याकडे प्रत्यक्ष पाहण्याची गरज राहत नाही (उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये, ही सूचना प्रथमच द्यावी लागते). सर्वांत आखूड सावली दक्षिणोत्तर पडते. हा प्रयोग वर्षातून चार-पाच वेळा केला, तर पुस्तकातील पुष्कळ सरधोपट विधाने मुले स्वतःच दुरुस्त करतात. ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ हे काटेकोरपणे २१ मार्च व २३ सप्टेंबर यांच्या सुमारासच खरे असते. जूनच्या अखेरीस मुंबईत तो पूर्वबिंदूच्या सु. २५° उत्तरेस उगवतो. ‘दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो’ हे युरोपीय पुस्तकांतून आलेले वाक्यही महाराष्ट्रात वर्षभर लागू पडत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईतील मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि त्या कालखंडाच्या दोन्ही टोकांना एकेक दिवस असा येतो की, काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. बिनसावलीचा हा दिवस मेमध्ये कोल्हापुरास पहिल्या आठवड्यात, मुंबईस महिन्याच्या मध्यास, तर नागपुरास शेवटच्या आठवड्यात येतो. निरनिराळ्या गावांच्या शाळांनी या नोंदी एकमेकींना कळविल्या, तर सूर्य उत्तरेकडे सरकत असल्याचे मुलांना महाराष्ट्राच्या नकाशावर दिसते. मेच्या सुटीत शाळा बंद असतात ही अडचण आहे. परंतु काठी घरच्या अंगणातही उभी करता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन गावांतील सावल्यांच्या लांबीत फरक पडतो, एवढ्यावरून पृथ्वी गोल असल्याचे सिद्ध होत नाही. जमीन सपाट व सूर्य जवळ मानला, तरी असा फरक पडेल. एराटॉस्थीनीझ (इ.स.पू. तिसरे शतक) यांनी सायीनी व अलेक्झांड्रिया येथील सावल्यांतील फरकावरून पृथ्वीचा परिघ काढला, तेव्हा सूर्य फार दूर असून त्याचे किरण समांतर येतात, हे त्यांनी गृहीत धरले होते. चौकस मूल ही शंका काढते आणि तिला बगल देणे योग्य नव्हे.

गोलाकाराचे खरे पुरावे एकेकटे न देता जोडीने द्यावेत. उत्तर-दक्षिण दिशेतील वक्रतेसाठी ध्रुव व अगस्त्य हे दोन तारे महाराष्ट्रात विशेष सोयीचे आहेत. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. हात लांब करून धरलेली मूठ सु. १०° कोन व्यापते. त्यामुळे ध्रुव मुंबईत दोन मुठींवर, दिल्लीत जवळजवळ तीन मुठींवर, तर कन्याकुमारीस एका मुठीपेक्षाही खाली असतो. अगस्त्याचे याच्या उलट आहे. हिवाळ्यात तो मुंबईत दक्षिण क्षितिजापासून सु. १८° वर येतो, श्रीनगरला जेमतेम ३° वर येतो आणि लंडनला कधीच उगवत नाही. पूर्व-पश्चिम वक्रतेसाठी घरोघरीचा दाखला संकष्टी चतुर्थीचा होय. त्या रात्री चंद्रोदयाची वाट पाहिली जाते आणि त्याच्या वेळा गावागणिक निरनिराळ्या दिलेल्या असतात. नागपूरचा चंद्रोदय मुंबईच्या आधी सु. वीस ते तीस मिनिटे होतो. चंद्र एकच असून जमीन सपाट असती, तर तो दोन्हीकडे एकदमच वर आला असता. उपवास सोडण्यास नागपूरच्या आत्याला आधी का मिळते, हा प्रश्न त्यामुळे भूगोलाचा ठरतो.

कोकणातील शाळांना समुद्र उपलब्ध आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाचे डोळे पाण्यापासून दीड मी. उंच असतील, तर क्षितिज सु. साडेचार किमी. दूर असते, ३० मी. उंचीच्या तटावर चढल्यास ते सु. २० किमी. दूर जाते. दूर जाणाऱ्या जहाजाचा सांगाडा आधी नाहीसा होतो व माथा नंतर, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा दुर्बिणीतून एकदा पाहणे चांगले. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या छायेची कड नेहमीच वर्तुळाकार असते, हा ॲरिस्टॉटल यांनी दिलेला पुरावा. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणात भारतात मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र उंच असताना ग्रासलेला दिसला, तर त्याच ग्रहणाच्या वेळी ब्रिटनमध्ये तो ग्रासलेल्या स्थितीतच उगवला.

समांतर पृथ्वीगोल : आतले व बाहेरचे दृश्य जोडण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे स्वाभाविक स्थितीत मांडलेला पृथ्वीगोल. नेहमीचा पृथ्वीगोल तिरप्या दांडीवर बसविलेला असतो व त्यात उत्तर ध्रुव वर येतो. त्यामुळे आपण गोलाच्या उतारावर असून घसरून जाऊ, असे मुलाला वाटल्यास नवल नाही. हा गोल दांडीवरून काढून अंगणात एका चुंबळीवर ठेवावा. आपले गाव अगदी माथ्यावर येईल व उत्तर ध्रुव उत्तरेकडे राहील, असा तो फिरवून घ्यावा. महाराष्ट्रात असे केल्यास गोलाचा अक्ष जमिनीशी सु. १६° ते २२° चा कोन करतो व त्याचे उत्तर टोक ध्रुवाकडे रोखलेले असते. आता हा लहान गोल व पायाखालची मोठी पृथ्वी यांची स्थिती एकच झाली. सूर्यप्रकाश दोहोंवर सारखाच पडतो. सकाळी आठच्या सुमारास पाहिले, तर गोलावर जपान व ऑस्ट्रेलिया उन्हात असतात आणि आफ्रिका जवळजवळ सगळी सावलीत असते. त्या क्षणी खरोखरच तेथे रात्र वा पहाट असते. ऊन व सावली यांची सीमारेषा दिवसभर पश्चिमेकडे सरकताना दिसते. गोलाला हात न लावता ती सरकते, यावरून तो गोल जमिनीसकट फिरत असल्याची कल्पना मुलाला सुचविता येते. आपल्या गावावर मेणाने टाचणी उभी केली, तर तिची सावली अंगणातील मोठ्या काठीच्या सावलीच्याच दिशेने पडते. दुसरी टाचणी ब्राझीलवर, तिसरी दक्षिण आफ्रिकेवर लावली, की प्रत्येकीची ‘वर’ ही दिशा निराळी असल्याचे दिसते. कदंबाच्या फुलाचा दृष्टांत येथे हाताशी येतो.

दिवस व रात्र यांच्या वर्गातील प्रात्यक्षिकात दिव्याभोवती पृथ्वीगोल फिरविण्याची पद्धत रूढ आहे. तीत एक धोका असा की, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणूनच दिवस-रात्र होतात, असा समज दृढ होतो. परिवलन व परिभ्रमण हे सारख्या ध्वनीचे शब्द त्यात भर घालतात. मुलालाच पृथ्वी करावे हे अधिक बरे. त्याने जागेवरच डावीकडे सावकाश वळावे व दिवा उजेडात येताना आणि जाताना डोळ्यांच्या कोणत्या कोपऱ्यात दिसतो ते सांगावे. दिवा डाव्या कोपऱ्यातून उगवतो आणि उजव्या कोपऱ्यात मावळतो. दिवा मात्र हललेला नसतो. मुंबई येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात (स्थापना १९७४) शमीन पाडळकर व जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातील आदिवासी, ग्रामीण व शहरी मुलांबरोबर केलेल्या कामात प्रतिकृती, हातवारे व शरीराच्या हालचाली आणि आकृत्या यांची अशी सांगड घातली आहे.

रात्रीचे व दिवसाचे आकाश : ही दोन निरनिराळी आकाशे आहेत, हा मुलांचा एक खोल समज होय. सूर्याची जागा रात्री चंद्र घेतो व तारे फक्त रात्री असतात, असे त्यांना वाटते. चंद्र दिवसा दाखविणे हा त्यावरचा पहिला उपाय. कृष्ण पक्षातील सप्तमी-अष्टमीस शाळा भरण्याच्या वेळी चंद्र पश्चिमेच्या बाजूस उन्हात स्पष्ट दिसतो. त्या वेळी हातातील चेंडू चंद्राच्या दिशेने धरला, तर चेंडूचा व चंद्राचा एकच भाग उजळलेला दिसतो. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा अनेक प्रौढांनीही बाळगलेला गैरसमज या एका कृतीने जितका दूर होतो, तितका आकृत्यांनी होत नाही. कारण सूर्य, चेंडू व चंद्र तिन्ही समोर असतात आणि पृथ्वीची सावली कोठेच मध्ये आलेली नसते.

तारे दिवसाही असतात हे पटविण्यास शेतकऱ्याच्या घरातील मुलाला मृग पुरेसा आहे. ‘मृग लागला’ म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात आला. पण त्या दिवसांत रात्री कितीही शोधले, तरी मृगाचे तारे दिसत नाहीत. सूर्याच्या जोडीनेच उगवून मावळत असल्याने ते दिवसाच्या उजेडात असतात. तेच तारे डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळनंतर पूर्वेस ठळकपणे वर येतात. पावसाची नक्षत्रे पाठ असलेल्या व आकाशातील मृग ओळखणाऱ्या मुलालाही या दोन मृगांचा संबंध सहसा सांगितलेला नसतो. मृगाच्या पट्ट्यातील तीन तारे जवळजवळ नेमक्या पूर्वेस उगवून पश्चिमेस मावळतात, म्हणून दिशा शिकविण्यासही ते उपयोगी पडतात.

पुस्तकांतील काही दोष : पृथ्वी ‘संत्र्याप्रमाणे दोन्ही टोकांना चपटी’ असल्याचे सांगण्याची प्रथा जुनी आहे. प्रत्यक्षात विषुववृत्तीय व ध्रुवीय व्यासांतील फरक १२,७५६ किमी. पैकी सु. ४३ किमी., म्हणजे ३० सेंमी. व्यासाच्या गोलावर एक मिमी. इतकाच आहे. संत्र्याची उपमा ऐकलेले मूल नेमका चपट्या भागावर माणसे उभी करून आपली अडचण सोडविते. उपमेने चूक दुरुस्त न होता तिला आधार मिळतो. प्रमाण न सांभाळता काढलेल्या आकृत्यांचेही तसेच आहे. ३० सेंमी. चा पृथ्वीगोल घेतला, तर चंद्र सु. ८ सेंमी. व्यासाचा असून तो ९ मी. अंतरावर ठेवावा लागेल, सूर्य सु. ३३ मी. व्यासाचा व साडेतीन किमी. दूर असेल. शाळेपासून तेवढ्या अंतरावरचे एखादे ओळखीचे ठिकाण सांगितले, तर सूर्याचे किरण समांतर का मानतात हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच्या बाजूस येत असल्याने ‘उत्तर म्हणजे वर’ असा समज होतो. पहिली काही वर्षे नकाशा जमिनीवर, दिशा जुळवून पसरावा. सूर्य ‘उगवतो’ व ‘मावळतो’ हे शब्द मात्र बदलण्याचे कारण नाही. खगोलशास्त्रज्ञही तेच वापरतात.

पुराणकथांतील शेषाच्या मस्तकावरील पृथ्वी अथवा राहू-केतू यांचा उल्लेख मुले करतात, तेव्हा त्यांची चेष्टा केल्याने काही साधत नाही. कथा कथा म्हणून ऐकावी, आणि शेष कशावर आहे, हा भास्कराचार्यांचा प्रश्न मुलांनाच विचारू द्यावा.

अवकाशातून घेतलेली छायाचित्रे, विशेषतः अपोलो–१७ च्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ रोजी टिपलेले पूर्ण पृथ्वीचे चित्र, आज सर्वत्र उपलब्ध आहेत. त्यांचा प्रभाव मोठा असला, तरी सपाट कागदावरील चित्र वाटोळ्या तबकडीचेही असू शकते. म्हणून वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली अनेक चित्रे एकत्र दाखवावी लागतात. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या (स्थापना १९४४) हौशी संस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम करीत आल्या आहेत. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. तारांगणाचा घुमट मुलांना फार आवडतो. परंतु पोकळ गोळ्याच्या आत सपाट जमिनीवर बसून वर आकाश पाहण्याचा हा अनुभव वर सांगितलेल्या एका चुकीच्या प्रतिमेशी तंतोतंत जुळतो. त्यामुळे तारांगणाच्या भेटीआधी वा नंतर, खुल्या आकाशाखाली एखादी रात्र काढणे इष्ट ठरते.

मूल्यमापन : ‘पृथ्वीचा आकार कसा आहे?’ या प्रश्नाने काहीच तपासले जात नाही. त्याऐवजी, सतत एकाच दिशेने चालत राहिल्यास कोठे पोहोचू, पृथ्वीला कड आहे काय, चिलीमधील मुलीने चेंडू वर फेकला तर तो कोठे पडेल व तिच्या डोक्यावरचा ढग गोलाच्या चित्रात कोठे काढावा, असे प्रश्न उपयोगी पडतात. आपल्या पायाखाली आरपार खणले तर कोठे निघू, यास पुष्कळ मुले अमेरिका असे उत्तर देतात. महाराष्ट्राचा प्रतिबिंदू पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेस मोकळ्या पाण्यात येतो. पृथ्वीगोलावर दोन बोटांनी तो शोधू देणे हेच येथे उत्तर होय. मुलाचे उत्तर चुकल्यास गुण कापण्यापूर्वी त्याला चित्र काढावयास सांगावे. चूक नेमकी आकारात आहे, दिशेत आहे की आधारात, हे बहुधा त्या चित्रावरूनच कळते.